ठाऊक असलेल्या गोष्टीची ओढ: पोहरादेवीची कथा, आकेरीचा वाडा आणि गूढ मालिकांचे पुनर्दर्शन

गूढ किंवा भयप्रधान मालिकेचे सारे बळ अज्ञातात असते, असे सामान्यतः मानले जाते. बंद दाराआड कोण आहे, रात्री वाड्यात वावरणारी सावली कोणाची आहे आणि मेलेल्या माणसाची कोणती इच्छा अपुरी राहिली आहे, हे जोवर प्रेक्षकाला ठाऊक नसते तोवर भीती टिकते आणि उलगडा झाला की मालिकेची गोडी संपते, असा हा समज आहे. तो पूर्णपणे खरा असता तर शेवट तोंडपाठ असलेल्या मालिका घराघरांत पुन्हा पाहिल्या गेल्या नसत्या आणि जुन्या भागांत दर वेळी काही तरी नवे सापडते, असे प्रेक्षकांनी सांगितलेही नसते. एकदा पाहून झालेली कलाकृती शेवट माहीत असताना पुन्हा पाहणे, याला या लेखात ‘पुनर्दर्शन’ म्हटले आहे. पहिल्या वेळी डोळ्यांसमोर असूनही न दिसलेली गोष्ट दुसऱ्या वेळी का दिसते आणि अद्भुत कथानकांच्या बाबतीत हा फरक अधिक ठळक का असतो, हे समजून घेण्यासाठी मराठी मुलुखातील दोन उदाहरणे विशेष उपयोगी पडतात. पहिले उदाहरण विदर्भातील पोहरादेवी येथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या कथेचे आहे आणि दुसरे कोकणातील आकेरी गावात घडणाऱ्या ‘रात्रीस खेळ चाले’ या दूरचित्रवाणी मालिकेचे आहे. श्रद्धेची कथा आणि करमणुकीची मालिका यांचे स्थान समाजात एक नाही, हे उघड आहे. येथे दोहोंची सांगड घातली आहे ती केवळ माहीत असलेल्या अद्भुताकडे माणसे पुन्हा का वळतात, या एका प्रश्नापुरती.

सर्वांना ठाऊक असलेली कथा

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे गाव बंजारा समाजाची काशी म्हणून ओळखले जाते. येथे जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, तेलंगण, आंध्र प्रदेश आणि मध्य प्रदेश येथील तांड्यांतून भाविक येतात, होमात नैवेद्य अर्पण करण्याचा ‘भोग’ हा विधी होतो, नंगारा हे मोठे नगारावजा वाद्य वाजते आणि भजनांतून सेवालाल महाराजांची कथा गाइली जाते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी येथे उद्घाटन झालेल्या बंजारा विरासत संग्रहालयाच्या १३ दालनांतून समाजाचा इतिहास आता दृश्यरूपानेही मांडला गेला आहे.

या कथेची मुख्य घडण यात्रेकरूंपैकी लहान मुलांनाही माहीत असते. भीमा नायक आणि धर्मणी याडी यांच्या पोटी १७३९ मध्ये जन्मलेला सेवा हा मुलगा गाई चारत असताना देवी त्याच्यापुढे प्रकट होते आणि त्याने आपला भगत, म्हणजे आपल्या वतीने बोलणारा भक्त व्हावे, अशी मागणी करते. सेवा नकार देतो, मग तांड्यावर संकटे कोसळतात, गुरेढोरे संकटात सापडतात आणि अखेर समाजाच्या भल्यासाठी तो देवीची सेवा पत्करतो. मातीचा शिरा केल्याच्या चमत्कारापासून पुढच्या काळाविषयी केलेल्या भाकितांपर्यंत अनेक प्रसंग या सूत्राभोवती गुंफलेले आहेत. देवी कोण, ती काय मागणार आणि शेवटी काय घडणार, यांपैकी काहीही श्रोत्यांपासून लपलेले नसते. तरीही दर वर्षी ही कथा लाखोंच्या समुदायाला खेचून आणते.

वारंवार ऐकणाऱ्याच्या कानाला या कथेत जे लागते ते पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती येत नाही. नवखा श्रोता सेवा आणि देवी यांच्यातील ताणात अडकलेला असतो. सेवा झुकणार की नाही, एवढीच त्याची उत्कंठा असते. तो ताण मिटल्यावर ऐकणाऱ्याचे लक्ष संकटाच्या स्वरूपाकडे जाते आणि त्याला प्रश्न पडतो की, देवीचा कोप नेमका गुरांवरच का होतो. बंजारा तांड्याचे बैल हे त्याचे वाहतुकीचे साधन आणि भांडवल होते. धान्य आणि मीठ बैलांच्या पाठीवर लादून दूरदूरच्या मुलुखांत पोहोचवण्याच्या या व्यवसायाला लदेणी म्हणतात आणि मोगल व मराठे यांच्या फौजांना रसद पुरवण्यापर्यंत त्याचा पसारा होता. अशा समाजात गुरे मरणे म्हणजे घर, दुकान आणि रस्ता एकाच वेळी गमावणे होते. पुढे १८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाला, १८६७ पर्यंत वऱ्हाडातून नागपूरपर्यंत रेल्वे पोहोचली आणि लदेणीचा कणाच मोडला. हा इतिहास जाणून जो श्रोता पुन्हा कथेकडे येतो त्याला देवीच्या कोपाच्या प्रसंगात एका फिरत्या समाजाची सर्वांत खोल धास्ती ऐकू येते.

याच कथेचे एक वेगळे रूप इंग्रजी अमदानीत लिहिले गेले. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील १९१६ च्या ग्रंथात कर्नल मॅकेन्झी यांनी नोंदवलेला वृत्तांत आहे. त्यात देवी ही पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, मरीमाता आहे. ती सेवालालांवर अनुरक्त होते, तिला नकार मिळताच त्यांच्यावर संकटे कोसळतात, गुरे नासतात आणि हताश होऊन ते तिचे सेवक होतात. त्यांची समाधी वऱ्हाडातील पोहूर येथे असल्याचेही त्यात नमूद आहे. समाजाच्या भक्तिपरंपरेत ब्रह्मचारी संत म्हणून पुजल्या जाणाऱ्या पुरुषाची कथा परक्या अधिकाऱ्याच्या कानांनी प्रेमकथेच्या अंगाने टिपली, हे उघड आहे. मात्र दोन्ही रूपे शेजारी ठेवून वाचली की नकार, संकट आणि स्वीकार हा तीन टप्प्यांचा सांगाडा दोहोंत कायम असल्याचे दिसते. शिवाय कॉलऱ्याच्या उल्लेखामुळे हेही ध्यानात येते की, व्यापाराच्या वाटांनी पसरणाऱ्या त्या साथीचे भय सतत प्रवासात असलेल्या तांड्यांना इतरांपेक्षा अधिक होते. असे तपशील दोन कथनांची तुलना केल्याशिवाय हाती लागत नाहीत आणि तुलना करायची तर कथा आधी ठाऊक असावी लागते.

काळ बदलला की शब्द तेच राहूनही त्यांचे वजन कसे बदलते, याचे उदाहरण सेवालाल महाराजांच्या भाकितांत सापडते. वाटीभर पाणी रुपयाला विकले जाईल, अशा आशयाचे त्यांचे एक वचन समाजात प्रसिद्ध आहे. नद्या-नाल्यांवर मुक्काम करणाऱ्या तांड्याला ते अशक्य कोटीतील अद्भुत वाटले असेल. बाटलीबंद पाणी विकत घेणाऱ्या आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आजच्या पश्चिम विदर्भातील श्रोत्याला तेच वचन रोजच्या जगण्याचे वर्णन वाटते. कथा जागची हललेली नाही. ऐकणाऱ्याचे आयुष्य मात्र पुढे सरकले आहे.

पहिल्या वेळी काय निसटते

एखादी गोष्ट समोर असूनही न दिसणे, हा निष्काळजीपणा नसून लक्ष नावाच्या मानसिक क्रियेची ती मर्यादाच आहे. डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना चित्रफितीतील खेळाडू चेंडू किती वेळा फेकतात, हे मोजायला सांगितले होते. मोजणी चालू असताना गोरिलाचा वेश केलेली व्यक्ती खेळाडूंच्या मधून चालत गेली, तरी सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. एका कामात लक्ष गुंतले असता दुसरी ठळक वस्तू न दिसण्याच्या या प्रकाराला अनवधानजन्य अंधत्व म्हणता येईल. गूढ मालिकेच्या प्रेक्षकालाही असेच एक काम दिलेले असते, ते म्हणजे गुन्हेगार किंवा भूत शोधण्याचे. त्या शोधात मग्न असताना कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरचा भाव त्याच्या नजरेतून सुटतो.

भीतीमुळे ही मर्यादा आणखी आवळली जाते. जे. ए. ईस्टरब्रूक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार भावनिक ताण जसजसा वाढतो तसतसा माणूस ज्या खुणांची दखल घेतो त्यांचा परीघ आकसत जातो. लुटीच्या घटनेतील साक्षीदाराला चोराच्या हातातील शस्त्र नेमके आठवते आणि त्याचा चेहरा मात्र आठवत नाही, ही तपास यंत्रणांच्या परिचयाची गोष्ट याच तत्त्वाने समजते. भयप्रसंगात प्रेक्षकाची नजर हलणाऱ्या पडद्यावर खिळलेली असते आणि त्याच चौकटीत मागे ठेवलेला देव्हारा, विझलेली समई किंवा भिंतीवरची तसबीर त्याला दिसत नाही. शेवट माहीत असलेल्या प्रेक्षकाचा ताण ओसरलेला असल्याने त्याची नजर चौकटभर फिरू शकते.

तिसरे कारण स्मृतीत आहे. केंब्रिजचे मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात नोंदवलेले प्रयोग या विषयाशी विलक्षण जुळणारे आहेत, कारण त्यांनी वापरलेली गोष्टच भुतांच्या युद्धाची होती. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची ही लोककथा त्यांनी इंग्रज वाचकांना वाचायला दिली आणि काही काळाच्या अंतराने ती पुन्हा पुन्हा सांगायला लावली. दर वेळी गोष्ट छोटी होत गेली, अनोळखी तपशिलांच्या जागी ओळखीचे तपशील आले आणि भुतांचे उल्लेख तर पुष्कळांच्या कथनातून गळून गेले किंवा त्यांना व्यावहारिक अर्थ दिला गेला. मन अनुभवाला आपल्या परिचित आराखड्यात बसवून साठवते, असा निष्कर्ष बार्टलेट यांनी त्यातून काढला. तेव्हा आवडत्या मालिकेची जी आवृत्ती प्रेक्षकाच्या मनात वर्षानुवर्षे राहते ती मूळ मालिकेपेक्षा साधी, सरळ आणि अद्भुताने कमी भरलेली असते. मूळ भाग पुन्हा पाहिले की दोहोंतले अंतर उघड होते आणि ‘हे तर आठवतच नव्हते’ असा उद्गार निघतो.

ज्ञात कथेचा रस

भारतीय साहित्यविचाराला या अनुभवाचे फारसे नवल वाटले नसते, कारण आपली नाट्यपरंपरा प्रेक्षकाला कथा ठाऊक आहे असे धरूनच चालते. भरताच्या नाट्यशास्त्रात भय हा भयानक रसाचा आणि विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायीभाव मानला आहे. स्थायीभाव म्हणजे माणसाच्या मनात मूळचीच असलेली आणि योग्य सामग्री मिळताच रसरूपाने आस्वादता येणारी भावना. भट्टनायकाने मांडलेली साधारणीकरणाची कल्पना असे सांगते की, रंगभूमीवरील भय हे कोणा एका व्यक्तीचे न राहता सर्वांना आस्वादता येईल असे होते. अभिनवगुप्ताने भयानक रसासाठी घेतलेले उदाहरण कालिदासाच्या शाकुंतलातील आहे: राजाच्या रथापुढे धावणारे आणि मान वळवून मागे पाहणारे हरीण. हे हरीण वाचणार आहे, हे शाकुंतल जाणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरीही त्याच्या वळलेल्या मानेत भयाचा आस्वाद घेता येतो. रसास्वादाला अज्ञानाची अट नाही, हे यावरून स्पष्ट होते.

पाश्चात्त्य चित्रपटविचारात आल्फ्रेड हिचकॉक यांनी धक्का आणि उत्कंठा यांत केलेला भेद याच दिशेने जातो. मेजाखालचा बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊक नसताना फुटला तर काही सेकंदांचा धक्का मिळतो. तो तेथे असल्याचे प्रेक्षकाला आधी सांगितले आणि मेजाभोवतीची माणसे निर्धास्त गप्पा मारत राहिली तर तीच गप्पांची काही मिनिटे असह्य होतात. प्रेक्षकाला पात्रांपेक्षा अधिक ठाऊक असण्याच्या या स्थितीला नाट्यगत उपरोध म्हणतात आणि पुनर्दर्शनात संपूर्ण मालिकाच या स्थितीत जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर ज्यांना लघुकथांचा शेवट आधीच सांगितला होता त्यांनी त्या कथा एकंदरीत अधिक पसंत केल्याचे आढळले. नंतरच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष उलट निघाले असल्याने हा अखेरचा शब्द नव्हे, परंतु शेवट कळल्याने आनंद संपतोच, हा समज तेवढ्याने डळमळतो.

सिंधुदुर्गातील दशावतार हा या परंपरेचा जिवंत पुरावा आहे. जत्रेच्या रात्री होणाऱ्या या नाट्यप्रकारात लिखित संहिता नसते. पौराणिक आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट त्या त्या रात्री उत्स्फूर्तपणे रचतो. कोणता राक्षस कोणाच्या हातून मरणार हे गावाला पाठ असल्यामुळे रसिकांचे लक्ष आज कोणत्या नटाने कोणता युक्तिवाद कसा मांडला, याकडे लागलेले असते. ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका ज्या मातीत रुजली ती माती ही आहे.

आकेरीचा वाडा पुन्हा पाहताना

झी मराठी वाहिनीवर फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झालेली, राजू सावंत यांनी दिग्दर्शित केलेली ही मालिका कुडाळ तालुक्यातील आकेरी गावच्या नाईक कुटुंबाची कथा सांगते. घरातील कर्ता पुरुष अण्णा नाईक यांच्या मृत्यूने कथानकाला तोंड फुटते, मुंबईत आणि गावात विखुरलेली मुले वाड्यात एकत्र येतात आणि चमत्कारिक घटनांची मालिका सुरू होते. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वाने काळ उलटा फिरवला. या पर्वात अण्णा जिवंत आहेत आणि पहिल्या पर्वातील घटनांची मुळे दाखवली आहेत. आधी सांगितलेल्या कथेच्या मागचा भाग नंतर सांगण्याच्या या रचनेला पूर्वकथा म्हणतात. मार्च २०२१ मध्ये तिसरे पर्व सुरू झाले.

पूर्वकथेची रचना पुनर्दर्शनाला थेट आमंत्रण देते. दुसऱ्या पर्वाचा प्रेक्षक अण्णांचा शेवट जाणून होता, त्यामुळे माधव अभ्यंकर यांनी उभ्या केलेल्या अण्णांच्या दराऱ्यात, लोभात आणि वासनेत त्याला पुढच्या विनाशाची पेरणी दिसत होती. हे पर्व संपवून तोच प्रेक्षक पहिल्या पर्वाकडे परतला की तेथील पात्रे बदललेली असतात, कारण त्यांच्याविषयीचे ज्ञान बदललेले असते. शकुंतला नरे यांनी साकारलेली माई पहिल्या वेळी पतीच्या निधनाने खचलेली, घर सांधू पाहणारी वृद्धा वाटते. तिने अण्णांच्या हयातीत काय गिळले, हे पाहून झाल्यावर तिच्या शोकात पतीविषयीची ओढ किती, भीती किती आणि सुटकेची भावना किती, असे प्रश्न मनात उभे राहतात. अभिनेत्रीचा चेहरा तोच असतो. त्यावरील प्रत्येक थांबण्याला आता मागची हकिकत मिळालेली असते.

अण्णांशी संबंध असलेल्या शेवंताच्या बाबतीत हा बदल आणखी मोठा आहे. पहिल्या पर्वात ती बहुतांशी इतरांच्या बोलण्यातून आणि भीतीतून जाणवणारी बाई आहे. दुसऱ्या पर्वात अपूर्वा नेमळेकर यांनी तिला इच्छा, हिशेब, लोभ आणि दुखावलेपण असलेली पूर्ण व्यक्ती म्हणून उभे केले. त्यानंतर पहिले पर्व पुन्हा पाहणाऱ्याला जाणवते की, गावाने तिच्याविषयी जे बोलावे ते बोलून घेतले आणि तिची बाजू मात्र कोणी सांगितली नाही. शेवंता आणि अण्णा यांची मुलगी सुशल्या ही पहिल्यांदा संशयास्पद आगंतुक वाटते. पुन्हा पाहताना ती वारस असूनही वारसा नाकारलेली मुलगी दिसू लागते.

पांडू हे पात्र तर पुनर्दर्शनासाठीच घडवल्यासारखे आहे. प्रल्हाद कुडतरकर यांनी साकारलेला हा गडी बोलता बोलता अडखळतो आणि आपण विसरलो असल्याचे मालवणीत सांगून मोकळा होतो. पहिल्या पाहण्यात त्याचे विसरणे हा ताण हलका करणारा विनोद वाटतो. कुडतरकर हे मालिकेच्या लेखनातही सहभागी होते, ही गोष्ट ध्यानात ठेवून पाहिले तर पांडू कोणत्या क्षणी विसरतो, कोणासमोर विसरतो आणि कोणते वाक्य अर्धे सोडतो, याला महत्त्व येते. वाड्यातील सर्व काही पाहिलेल्या, परंतु बोलण्याचा अधिकार नसलेल्या नोकरापुढे विसरण्यावाचून दुसरा मार्ग कोणता होता, हा प्रश्न त्या विनोदाखाली दडलेला आहे.

दैनंदिन मालिकेचे तंत्रही दुसऱ्या वेळी उघडे पडते. प्रत्येक भाग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओढ टिकवेल अशा क्षणावर थांबवावा लागतो. रोज एक भाग पाहणाऱ्याला तो क्षण खरा वाटतो. सलग भाग पाहणाऱ्याला त्यांतील पुष्कळ क्षण फसवे असल्याचे, किंकाळीचे कारण पुढच्या भागात साधेच निघत असल्याचे दिसते. असे तंत्र फार जुने आहे. निर्माते व्हॅल ल्यूटन यांच्या १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या चित्रपटात रात्री एकटीने चाललेल्या स्त्रीचा पाठलाग होत असल्याचा भास वाढत जातो आणि कानावर आदळणारा आवाज अखेरीस शेजारी येऊन थांबलेल्या बसचा निघतो. भीती चित्रापेक्षा आवाजाने अधिक घडवली जाते, हे पारखायचे असेल तर भयप्रसंग आवाज बंद करून पाहावा. पुष्कळदा पडद्यावर केवळ एक उघडी खिडकी आणि वाऱ्याने हलणारी फांदी उरते.

भूत कोणाचे आणि का

भयाचा आवाज उतरल्यावर जे उरते ते बहुतेक मराठी गूढकथांत कुटुंब, मालमत्ता आणि अपुरे राहिलेले कर्तव्य यांच्याशी बांधलेले असते. लोकसमजुतीतील भुतांची नावेच हे दाखवतात. मुंजा हे मुंज झालेल्या आणि सोडमुंजेपूर्वी मेलेल्या मुलाचे भूत, हडळ हे बाळंतपणात दगावलेल्या स्त्रीचे आणि समंध हे मालमत्तेत वासना गुंतलेल्या पुरुषाचे, असे मानले जाते. प्रत्येक भूत आयुष्याच्या कोणत्या तरी ठरलेल्या टप्प्यावर अडकलेले आहे आणि समाजाने ज्याचे देणे पुरते दिले नाही अशा माणसाची ती आठवण आहे. नाईकांच्या वाड्यातील भुताटकी या दृष्टीने पाहिली तर तिच्या मुळाशी वाटणी आहे. कोकणातील एकाच जमिनीच्या सातबाऱ्यावर अनेक भावंडांची आणि चुलत्यांची नावे असणे, मुंबईकर आणि गावकर यांच्यात हिश्श्यावरून वर्षानुवर्षे अबोला असणे, हे ज्या प्रेक्षकाने जवळून पाहिले आहे त्याला दुसऱ्या पाहण्यात सावल्यांपेक्षा कागदपत्रांचे प्रसंग अधिक भेदक वाटतात.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट याच जातीचा आहे. नारायण धारप यांच्या कथाविश्वाची प्रेरणा सांगणारा हा चित्रपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला आणि पहिल्या प्रदर्शनापेक्षा त्याला अधिक उत्पन्न मिळाले, म्हणजेच त्यातील हस्तर हा राक्षस कोण आहे हे उघड होऊनही प्रेक्षक तिकीट काढून आले. पहिल्या वेळी नजर हस्तरवर खिळते. पुन्हा पाहताना लक्षात येते ते सोन्यासाठी हस्तरकडे उतरणाऱ्या नायकाचे, विनायकाचे, कौशल्य: त्याला भुलवण्यासाठीची कणकेची बाहुली किती जपून मळली जाते, खाली उतरण्याचा दोर किती सरावाने हाताळला जातो आणि बाप आपल्या मुलाला हा जीवघेणा उद्योग एखाद्या वडिलोपार्जित कारागिरीसारखा कसा शिकवतो. १९१८ ते १९४७ या काळात देशावरचे राज्य बदलते, परंतु घरातील लोभ वारसाहक्काने पुढे सरकतो, हे चित्रपटाचे खरे भय आहे आणि ते राक्षसाच्या धाकातून मोकळे झाल्यावरच नीट दिसते.

पुनर्जन्मकथेत तर पुनर्दर्शन कथेच्या घडणीतच असते. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘असंभव’ (२००७ ते २००९) या झी मराठीवरील मालिकेत पात्रांना आपला मागील जन्म उलगडत जातो आणि वर्तमानातील आकर्षण व वैर यांचे अर्थ त्यांच्या दृष्टीने बदलतात. प्रेक्षक दुसऱ्यांदा मालिका पाहताना जे करतो तेच पात्रे आपल्या आयुष्याबाबत करत असतात.

श्रद्धा, अंधश्रद्धा आणि जाणता प्रेक्षक

२०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाल्यावर कोकणची बदनामी होते आणि अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असे आक्षेप सिंधुदुर्गातून घेण्यात आले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, हा संदर्भ ताजा असताना असे आक्षेप येणे स्वाभाविक होते आणि त्यांची दखल गंभीरपणे घेतली पाहिजे. भयाच्या पहिल्या आघातात प्रेक्षकाची चिकित्सा मंदावते, हे वर दिलेल्या मानसशास्त्रीय विवेचनाशी सुसंगतच आहे. परंतु त्याच विवेचनाचा दुसरा निष्कर्षही महत्त्वाचा आहे: पुन्हा पाहणारा प्रेक्षक चिकित्सक होतो. भुताच्या नावाखाली कोणाचा फायदा झाला, अंगात येण्याच्या प्रसंगी कोण गप्प बसले आणि गुरवाच्या शब्दाला वजन कोणी दिले, हे प्रश्न त्याला सुचतात. घरातील मोठ्या माणसांनी मुलांबरोबर अशी मालिका पुन्हा पाहून हे प्रश्न मोठ्याने विचारले तर करमणुकीतूनच विवेकाचे शिक्षण होऊ शकते.

यावरून अद्भुत मालिकांच्या मूल्यमापनाची एक कसोटी हाती येते. जी मालिका केवळ धक्क्यांवर उभी असते तिचे दुसरे दर्शन रिकामे ठरते. जिच्यात धक्क्याखाली माणसांचे व्यवहार, काळ आणि भूमी यांचे खरे ज्ञान असते ती प्रत्येक दर्शनात नवे देत राहते. लेखक-दिग्दर्शकांनी पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकाइतकाच वर्षांनी परतणारा प्रेक्षक नजरेसमोर ठेवला तर पात्रांचे वागणे शेवटाशी इमान राखणारे होईल आणि उलगडा ऐन वेळी बाहेरून आणून चिकटवला जाणार नाही.

मात्र परतून येण्यासाठी मूळ कलाकृती टिकलेली असावी लागते. बीबीसीने ‘डॉक्टर हू’ या विज्ञान-अद्भुत मालिकेचे १९६० च्या दशकातील अनेक भाग फिती पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले आणि त्यांपैकी पुष्कळ भागांचा आज केवळ आवाज उपलब्ध आहे, तोही प्रेक्षकांनी घरी ध्वनिमुद्रित करून ठेवल्यामुळे. मौखिक कथा भजनी मंडळांच्या कंठात टिकते, कारण ती दर वर्षी गाइली जाते. चित्रित मालिकेला अशी कोणतीही आपोआप चालणारी व्यवस्था नसते. चित्रपटांसाठी १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तशीच दक्षता मराठी दूरचित्रवाणी मालिकांबाबत घेतली जाणे आवश्यक आहे. भागांच्या मूळ प्रती, संहिता, ध्वनिपट आणि लेखक-तंत्रज्ञांची नावे यांचे जतन वाहिन्या, विद्यापीठे आणि संग्रहालये यांनी मिळून केले, तर आज करमणूक म्हणून पाहिल्या जाणाऱ्या या गूढकथांत पुढच्या पिढीला महाराष्ट्राच्या वाटण्या, व्याधी, जाती, बोली आणि भीती यांचा इतिहास स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येईल.